शब्दकोश स्वतःच्या संगणकावर चालवून पाहा



मराठीच्या विद्यार्थ्याला वेब ॲप्लिकेशनची रचना ठाऊक असण्याची गरज आहे काय, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येईल. प्रस्तुत लेखकाचे मत वेगळे आहे. भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक छोटे, पण सर्वांगांनी पूर्ण असे ॲप्लिकेशन निदान एकदा स्वतःच्या संगणकावर उभे करून चालवावे. कारण वर्णक्रम, लेखन आणि शब्दशोध यांविषयीचे निर्णय आता तेथे होतात. आणि मराठीचा जाणकार तेथे उपस्थित नसेल, तर ते निर्णय त्याच्यावाचून होतात.

उदाहरणादाखल आपल्या परिसरातील बोलीच्या शब्दसंग्रहाचा विचार करा. अशा ॲप्लिकेशनचे तीन थर असतात. पहिला दर्शनी थर: ब्राउझरमध्ये दिसणारी पाने व शब्द नोंदवण्याचा अर्ज. दुसरा सर्व्हरचा थर: आलेली नोंद तपासणारी आणि शोधाला उत्तर देणारी आज्ञावली. तिसरा डेटाबेस: शब्द, अर्थ, गाव, वाक्यातील उपयोग अशा रकान्यांचा तक्ता. हे तिन्ही थर ज्यात आहेत, त्यास ‘फुल-स्टॅक’ म्हणतात. ते एकाच संगणकावर चालवता येतात. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे ‘हाच संगणक’. तेथे चाललेले काम बाहेरच्या कोणालाही दिसत नाही.

आरंभासाठी पायथन ही भाषा आणि तिच्यावर आधारलेली जँगो ही चौकट सोयीची आहे. जँगोचा जन्म अमेरिकेतील लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कामातून झाला आणि २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. दोन्ही विनामूल्य आहेत. ती एकदा उतरवून घेतली की पुढील कामाला इंटरनेट लागत नाही. प्रकल्प तयार करावा, तक्त्याचे वर्णन लिहावे, ‘मेकमायग्रेशन्स’ व ‘मायग्रेट’ या आज्ञांनी तो तक्ता डेटाबेसमध्ये उभारावा, ‘रनसर्व्हर’ ही आज्ञा द्यावी आणि ब्राउझरमध्ये वरील पत्ता ८००० या पोर्टसह उघडावा. जँगो मुळातच एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरते, म्हणून सारा संग्रह एकाच फाइलमध्ये राहतो. ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवली की प्रत सुरक्षित झाली.

खरा अभ्यास यानंतर सुरू होतो. ‘कला’, ‘कवडी’, ‘कहाणी’, ‘कळ’ हे शब्द नोंदवा आणि अनुक्रमाने मागवा. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून ‘कळ’ शेवटी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तो ‘कला’ आणि ‘कवडी’ यांच्यामध्ये येईल. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या दरम्यान आहे आणि एसक्यूलाइट वेगळे सांगितल्यावाचून त्या जागांचाच क्रम पाळते. ‘क्ष’ स्वतंत्र मानून शेवटी ठेवावा की जोडाक्षर मानून ‘क’मध्ये, हा कोशकाराचा प्रश्नही येथे पुन्हा उभा राहतो. ‘ॲ’ची गोष्ट अधिक फसवी आहे. काही कळफलकांवर तो एकच चिन्ह म्हणून उमटतो, तर काहींवर ‘अ’ आणि चंद्र अशी दोन चिन्हे मिळून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला निरनिराळे. परिणामी संग्रहात असलेला शब्द शोधात सापडत नाही. तयार संकेतस्थळावर आपण अशा गोष्टी निमूट सोसतो. घरच्या ॲप्लिकेशनमध्ये सर्व्हरच्या थरात नियम लिहून त्या दुरुस्त करता येतात. तो नियम कोणता असावा, हे ठरवण्यास व्याकरणाचा अभ्यास लागतो.

अडचणी येतीलच. ‘मायग्रेट’ राहून गेले, तर ‘असा तक्ता नाही’ या अर्थाचा इंग्रजी संदेश येईल. पोर्ट आधीच व्यापलेले असेल, तर तसे सांगितले जाईल. पायथनच्या लांबलचक संदेशात चुकीचे नेमके स्वरूप बहुधा शेवटच्या ओळीत असते. ती आधी वाचावी. पाठ्याचे सूक्ष्म वाचन करणाऱ्याला ही शिस्त परकी नाही.

यावर आक्षेप असा की, नोकरी व घरसंसार सांभाळून शिकणाऱ्याला इतका वेळ कोठून मिळणार? आक्षेप रास्त आहे. अनेकांकडे केवळ मोबाइल असतो, हेही खरे. म्हणून हे काम एकट्याने न करता तिघाचौघांनी मिळून, शक्य तेथे अभ्यासकेंद्रातील संगणकावर, आठवड्यास एक बैठक या बेताने करावे.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. बोलीतील शब्द आपल्याला माणसे सांगतात. त्यांत शिव्या असतात, जातिवाचक शब्द असतात, घरगुती आठवणी असतात. त्यांतले काय प्रसिद्ध व्हावे, हे सांगणाऱ्याला विचारल्यावाचून ठरवणे उचित नव्हे. संग्रह आपल्याच संगणकावर असेल, तर विचारण्यास अवधी मिळतो आणि नकार आल्यास नोंद काढून टाकता येते. एकदा जगासमोर गेलेला शब्द परत घेता येत नाही.

म्हणून आरंभ दहा शब्दांनी करा. ते योग्य क्रमाने लागले आणि शोधताच सापडले, तर अकरावा नोंदवा.