रेडिओचा तो काळ असा नव्हता

मा. संपादक,

‘आमची गाणी, त्यांचा गोंगाट’ हा लेख (रविवार पुरवणी) वाचला. ‘आमच्या लहानपणी रेडिओवर सगळं घर एकच गाणं ऐकायचं’ हे लेखकाचे विधान मला मान्य नाही. मी ७८ वर्षांची आहे. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झाले. थिल्लर म्हणून! त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे दर बुधवारी रात्री आम्ही भावंडे रेडिओला कान लावून बसायचो आणि वडील ‘बंद करा तो धिंगाणा’ म्हणून ओरडायचे. विविध भारती आली ती १९५७ मध्ये. तेव्हा गोंगाटाचा आरोप आमच्याही गाण्यांवर झालेलाच आहे.

‘आजच्या मुलांना जुने काही ठाऊक नाही’ हेही खरे नाही. माझ्या नातीला १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ संवादांसकट पाठ आहे. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातली अभिषेकीबुवांची पदे तिने २०१५च्या चित्रपटामुळे शोधून ऐकली.

तिच्या आवडीचे रॅप मला कळत नाही, तेव्हा वय जाणवते, एवढे कबूल. पण मी तिला अर्थ विचारते आणि ती सांगते. लेखकाने कुणाला विचारल्याचे लेखात कुठेच दिसले नाही.

रेडिओबद्दलची दुरुस्ती कृपया छापावी.

– एक वाचक, सातारा