कोऱ्या पाठीचे पूर्वज

माझ्या आजोबांना मरणोत्तर बढती मिळाली. हयातभर ते दौंडला रेल्वेत गुड्स क्लार्क होते, म्हणजे गुळाच्या ढेपा मोजायच्या, पावत्या फाडायच्या आणि ढेप फुटली तर व्यापाऱ्याच्या शिव्या खायच्या. परवा सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवर त्यांचा फोटो आला आणि खाली लिहिलेलं होतं : 'अतिदुर्मिळ!! माथेरानच्या गाडीचे पहिले इंजिन ड्रायव्हर, १९०७. प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा.' पाठवणारे आमच्याच शाखेतले निवृत्त हेडकॅशियर. मी ताबडतोब लिहिलं, "साहेब, हे माझे आजोबा आहेत." उत्तर आलं, "अभिनंदन!" आणि पाठोपाठ एक गुलाबाचं फूल.

१९०७ साली माथेरानची गाडी सुरू झाली हे खरं. पण तेव्हा आमच्या आजोबांचा जन्म व्हायचा होता, आणि जन्माआधी नोकरीला लागण्याची सोय रेल्वेत अजून तरी झालेली नाही. शिवाय फोटोतलं इंजिन आहे दौंड-बारामती लाइनचं. ही छोटी लाइन १९१४ साली सुरू झाली आणि २००३ साली ब्रॉड गेज होईपर्यंत बारामतीकरांना हलवत, डुलवत, सावकाश नेत राहिली. माथेरानच्या रुळांत अंतर दोन फूट, बारामतीच्या रुळांत अडीच फूट. सहा इंचांचा फरक तुम्हाला किरकोळ वाटेल. आम्ही बँकेतली माणसं. रात्री सहा पैशांचा फरक लागला नाही म्हणून घरी न गेलेले लोक आमच्या खात्यात होऊन गेले.

तर सांगायची गोष्ट अशी, की मला या 'दुर्मिळ'वाल्यांचा मनस्वी संताप आहे. जुने फोटो, जुनी चित्रं, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, काडेपेटीचे छाप, साबणाच्या जाहिराती, पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं यांचं मला वावडं आहे असं समजू नका. उलट या नादापायी मी पुण्याला बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात अनेकदा उन्हात उकिडवा बसलेलो आहे. आमच्या माळ्यावर एक ट्रंक आहे, तिला सौ. 'तुमची लॉकर' म्हणतात आणि दर दिवाळीला ती रद्दीत काढण्याचा प्रस्ताव मांडतात. माझं भांडण वस्तूशी नाहीच, त्या वस्तूच्या पाठीशी आहे. फोटो उलटा करून पाहा. पाठ कोरी!

समोरून बघावं तर काय थाट! लाल फेटा, कोट, हातात छडी, शेजारी स्टुडिओतलं ते कायमचं स्टूल आणि त्यावर कधीही न वाळणारी फुलं. पण कोण हा माणूस? कुठला? कधीचा? आम्ही चेकवर तारीख नसेल तर परत करतो. सहीतल्या एका वेलांटीवरून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला दोनदा खिडकीशी बोलावतो. आणि त्याच म्हाताऱ्याच्या आईचा एकुलता एक फोटो मात्र ना नाव, ना गाव, ना साल असा खिळ्याला टांगलेला चालतो. का, तर 'घरात सगळ्यांना माहीत आहे'. घरातल्या ज्या सगळ्यांना माहीत असतं ते सगळे एकेक करून त्याच भिंतीवर जातात.

कोरी पाठ पाहिली की दुर्मिळवाल्याला स्फुरण चढतं. मोकळी जागा दिसली की माणसाला पाटी लावावीशी वाटतेच. आमच्या शिरूरच्या एका ग्रुपवर गेल्या वर्षी 'शनिवारवाड्याचा आगीपूर्वीचा खरा फोटो' आला. सात मजले, वर झेंडा, खाली हत्ती. आता शनिवारवाडा जळाला १८२८ साली, आणि फोटो काढण्याची कला जगापुढे जाहीर झाली पॅरिसला, १८३९ साली. मधली अकरा वर्षं फोटोग्राफर काय रांगेत उभा होता? मी हे नम्रपणे लिहिलं. त्यावर एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्हाला आपल्या इतिहासाचा अभिमान नाही का?" झालं! अकरा वर्षांचा हिशेब राहिला बाजूला आणि मी देशद्रोही ठरलो. ते चित्र होतं हो, कुणातरी चित्रकाराचं. त्या बापड्यानं घाम गाळून एकेक कमान काढली असेल. त्याचं नाव पुसलं आणि वर त्याच्या चित्राला फोटो म्हटलं. एका दगडात दोन खोट्या.

नाव पुसण्याच्या पद्धती तरी किती! जुन्या छापील चित्रांचं घ्या. राजा रविवर्म्यानं १८९४ साली गिरगावात छापखाना काढला, पुढे तो आपल्या मळवलीला गेला. पुण्यात त्याच्याही आधी, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी चित्रशाळा काढली होती. या छापखान्यांनी देवदेवता घरोघर पोचवल्या. बायकांनी त्या लक्ष्मी-सरस्वतीला जरीची साडी चिकटवली, टिकल्यांचे दागिने घातले. ते मला मान्य आहे, ते प्रेम आहे. पण फ्रेमवाला काय करी? त्याच्याकडची फ्रेम दोन बोटं आखूड, म्हणून खालची पांढरी पट्टी कात्रीनं उडवी. छापखान्याचं नाव, चित्राचं नाव, सगळं त्या पट्टीत! हल्ली कात्री लागत नाही, बोट लागतं. कोपऱ्यातला फोटोग्राफरचा शिक्का बोटानं कापायचा आणि तिथे आपल्या ग्रुपचं नाव टाकायचं. दुसऱ्याच्या पासबुकावर आपलं नाव लिहिलं तर आमच्याकडे पोलीस येतात.

दुसरी जात हॉटेलवाल्यांची. पुणे-नगर रस्त्यावर एका 'वाड्या'त आम्ही सहकुटुंब जेवायला गेलो होतो. वाडा मागच्या वर्षी बांधलेला. भिंतीवर पन्नासेक जुने फोटो. माझ्या डोक्यावर एक आजीबाई, नऊवारी, नथ, चेहरा असा की पिठल्यात मीठ कमी पडलं तर खाली उतरून येतील. मी मालकाला विचारलं, "या आपल्या कोण?" तो म्हणाला, "कोणी नाही. फ्रेमसकट डझनावर घेतले." डझनावर! केळी घ्यावीत तशा कुणाच्या आज्या, कुणाचे आजे, एक तर सबंध मुंज. माझा घास अडला. कुणाच्या तरी नातवानं घर रिकामं करताना हे रद्दीबरोबर दिले असणार, आणि तो नातू इथेच पलीकडच्या टेबलावर बसून मोदक मागवत असेल, तरी ओळखायचा नाही. पाठ कोरी.

तिसरी जात आमची स्वतःची, संग्राहकांची. आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो, पिशवी डब्यात, डबा ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. विचारलं तर "आहे आपल्याकडे" एवढंच म्हणायचं आणि मिशीतल्या मिशीत हसायचं. दाखवायचं नाही. दाखवलं तर दुसरा म्हणेल, माझ्याकडेही आहे. मग आपली झोप जाते. माझ्या ओळखीचे एक काडेपेटीवाले तीस वर्षं छाप जमवत होते. ते गेल्यावर मुलानं सगळी वही आणून दिली. दोन हजारांवर छाप, आणि कुठला कधी मिळाला याचा एक अक्षर उल्लेख नाही. सगळं डोक्यात होतं म्हणे. डोकं घेऊन ते गेले.

"एवढं काय त्यात? चार कागदाचे कपटे," असं आमचे मॅनेजर म्हणतात. त्यांना मी 'आलम आरा' सांगतो. १९३१ सालचा आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण त्यांच्याकडेही नाही. फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'चं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं राहिलं, मधली राजाची सारी दैना कुठे गेली कोण जाणे. पण 'आलम आरा'चे काही फोटो, जाहिराती, गाण्यांची चोपडी हे मात्र मागे राहिलं. तंबूच्या दाराशी विकली जाणारी आणि घरी आल्यावर भेळेला वापरली जाणारी चीज, तिनं सिनेमाला मागे टाकलं! कारण तिच्यावर छापलं होतं : कुणाचा, कोण त्यात, गाणी कुठली. कपट्याची किंमत त्याच्यावरच्या अक्षराला असते, साहेब. नोटेचंही तसंच नाही का?

आमच्या शिरूरलाच बघा ना. इथे छावणी होती त्या काळी कर्नल वॉलेस म्हणून एक इंग्रज अधिकारी १८०९ साली वारला. त्याची कबर बांधली, दगडावर नाव कोरलं. गावानं त्याला 'सत्पुरुष' करून टाकलं. लोक त्याला मानतात, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. मी त्या साहेबाचा दुस्वास करत नाही. पण सातासमुद्रापलीकडचा गोरा दोनशे वर्षांनी नावानिशी शिल्लक, आणि आमच्या पणजीचं माहेरचं नाव मला येत नाही!

किंवा बँकेतलं घ्या. कुणी दहा वर्षं हात न लावलेली ठेव असली, मग ती सदतीस रुपये का असेना, ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४ पासून त्यासाठी वेगळा निधी आहे, आणि २०२३ पासून 'उद्गम' नावाच्या ठिकाणी वारसाला नाव टाकून ती शोधता येते. सदतीस रुपयांना वारस शोधायची व्यवस्था आहे. बेवारस आजीला नाही.

आता जे सांगणार आहे ते खरं म्हणजे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आजोबांचा तो फोटो पहिल्यांदा पाठवला कुणी? मीच. तीन वर्षांपूर्वी, एका रविवारी, ट्रंक उघडून. खाली एक अक्षर लिहिलं नाही. 'ओळखा पाहू!' एवढं मात्र लिहिलं होतं. लोकांनी ओळखलं, आपापल्या परीनं.

त्याहून वाईट म्हणजे फोटोत माणसं दोन आहेत. डावीकडे आजोबा. उजवीकडे इंजिनाच्या पायरीवर पाय ठेवून एक उंच गृहस्थ, डोक्याला रुमाल, हसरा. तो खरा ड्रायव्हर असावा. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकलाय. आमच्या आजोबांनी आयुष्यात कुणाच्या खांद्यावर हात टाकल्याचं आम्हा नातवंडांना ठाऊक नाही. हा कोण असा जिवाचा? हे दौंडच्या आत्याला माहीत होतं. फोटो काढला तेव्हा ती तिथेच होती, पाच-सहा वर्षांची. फोनवर मला म्हणालीसुद्धा, "अरे, ते का? त्यांची मोठी गंमत आहे. ये एकदा, निवांत सांगते." शिरूरहून दौंड काही काशी नव्हे, न्हावऱ्यावरून गेलं तर सकाळी निघून जेवायला घरी येता येतं. पण मार्चमध्ये क्लोजिंग होतं, एप्रिलमध्ये लग्नं, मग ऊन, मग पाऊस. आत्या गणपतीत गेली. दहाव्याला मी दौंडला गेलो, तासाभरात पोचलो.

परवा रात्री फोटो बाहेर काढला. मऊ शिसपेन्सिल घेतली, कारण बॉलपेन दाबलं तर पुढच्या बाजूला चेहऱ्यावर वळ उठतात. पाठीवर लिहिलं : 'दौंड. बारामती लाइनचं इंजिन. साल १९५० च्या आगेमागे. डावीकडे माझे आजोबा, गुड्स क्लार्क. उजवीकडे' आणि थांबलो. तेवढी जागा सोडून ठेवली आहे.

दौंडला रेल्वेच्या जुन्या चाळीत एक म्हातारबुवा आहेत, नव्वदीच्या घरातले. वडील इंजिनावर होते म्हणे. कान गेलेत, नजर शाबूत आहे. येत्या रविवारी फोटो घेऊन जायचं ठरवलंय. सौ. म्हणतात, रविवारी आधी गिरणीतून दळण आणा. मी म्हटलं, दळण शनिवारी आणतो.