दूध तोडण्याआधी ओठ उचला

बाळ वर्षा-दीड वर्षाचे होते, वरचे पुढचे दात काळे पडू लागतात आणि घरात निकाल लागतो : अंगावरच्या दुधाने दात किडले, आता दूध तोडा. दुसऱ्या बाजूला, आईची दाढ ठणकत असेल तर तिला सांगितले जाते, बाळ पितेय तोवर कळ काढ. हे दोन्ही सल्ले मायेपोटीच दिले जातात. दोन्ही चुकीचे आहेत आणि त्यांची किंमत बाळ व आई मोजतात.

आधी दुधाची बाजू. अंगावर पिताना बाळाला खालचा जबडा पुढे-मागे हलवावा लागतो, जिभेने स्तनाग्र टाळूशी दाबावे लागते. या मेहनतीने जबडे आणि टाळू यांची वाढ नीट होते. बाटलीच्या बुचातून दूध सहज ओघळते, तिथे एवढे कष्ट नसतात. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने जगभरातील अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात अंगावर पिणाऱ्या मुलांमध्ये दात वेडेवाकडे येण्याचे व जबड्यांची ठेवण बिघडण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांनी कमी आढळले. पहिल्या वर्षात आईचे दूध पिणाऱ्या बाळांचे दात किडण्याचे प्रमाणही बाटलीवरच्या बाळांपेक्षा कमी असते.

मग दात किडतात कशाने? आईच्या दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. किडीचे जंतू तिच्यापासून आम्ल बनवतात, पण उसाच्या साखरेइतक्या झपाट्याने नव्हे. झोपेत मात्र लाळ कमी सुटते, दात धुतले जात नाहीत आणि तोंडात राहिलेले दूध दातांवर तसेच बसते. ब्राझीलमधील पेलोतास शहरात जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात, दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ अंगावर प्यायलेल्यांत गंभीर किडीचा धोका वर्षभर प्यायलेल्यांच्या तुलनेत २.४ पट दिसला. आहारातील साखर हिशेबात घेऊनही तो टिकला. एक ते दोन वर्षे प्यायलेल्यांत मात्र असा वाढीव धोका नव्हता. हा निष्कर्ष दडवण्याचे कारण नाही. त्यावरून दूध तोडण्याचेही नाही. दोन वर्षे आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण जुलाब आणि न्यूमोनियापासून ते बाळाला वाचवते. दातांसाठी हे कवच काढून घेणे म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

करायचे ते साधे आहे. दात येण्याआधी ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसायच्या. साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात दिसला, की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दिवसातून दोनदा घासायचे. त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची. आठवड्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून पाहायचा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची पहिली खूण असते. या टप्प्यावर ती थांबवता येते. काळा खड्डा पडेपर्यंत वाट पाहिली, तर पुढे दुखणे, सूज आणि न खाणारे मूल.

साखरेचा हिशेब वेगळा मांडायला हवा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या राहाता तालुक्यात उभा राहिला, त्यातच शिर्डी आहे. इथे प्रसादाचा पेढा आणि बुंदीचा लाडू घरोघरी असतो. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत जागणाऱ्या या गावात हारफुलांच्या दुकानांत, लॉजमध्ये, खानावळींत अनेक बाया राबतात. आई कामावर गेली की बाळ आजीकडे आणि रडू लागले की साखर घातलेली दुधाची बाटली तोंडात. दोष आजीचा नाही, सोय नसल्याचा आहे. पण दोन वर्षांच्या आत वरून साखर नको आणि बाटली तोंडात ठेवून झोपवणे तर नकोच. मध तर पहिल्या वर्षात चाटवूही नये. त्यातून होणारी विषबाधा दुर्मीळ असली तरी जिवावर बेतू शकते.

आता आई. बाळ दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हा समज खोटा आहे. स्तनपानाच्या काळात हाडांची घनता तीन ते पाच टक्क्यांनी कमी होते आणि दूध सुटल्यावर बहुधा भरून येते. दातांतून असे काही काढले जात नाही. आईचे दात बिघडतात ते जागरणाने, दोन वेळा घासायला सवड न मिळाल्याने, बाळंतपणातल्या गोड-चिकट खाण्याने आणि हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताकडे दुर्लक्ष झाल्याने. डिंकाचे लाडू सोडायचे नाहीत. खाल्ल्यावर चूळ भरायची. दाढ भरणे, हिरड्या साफ करणे, बधिर करण्याचे नेहमीचे इंजेक्शन हे सारे दूध पाजत असताना करता येते. औषध लिहून घेताना बाळ अंगावर पिते एवढे डॉक्टरांना सांगावे. आईच्या तोंडातले किडीचे जंतू एकाच चमच्यातून बाळाकडे जातात. म्हणून आईचा उपचार हा बाळाचाही उपचार असतो.

यासाठी नवी योजना लागत नाही. २०१८ पासून लहान बालकांच्या गृहभेटींसाठी आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत तपासणीला येतात आणि त्यांच्या यादीत दातांचे विकार आहेतच. याच तालुक्यात लोणीला दंत महाविद्यालय आहे. सहाव्या महिन्यापासूनच्या प्रत्येक गृहभेटीत बाळाचा ओठ उचलून पाहणे आणि आईला हिरड्यांविषयी एक प्रश्न विचारणे, एवढे काम जोडले तर पांढरा पट्टा काळा होण्याआधी सापडेल. त्यासाठी आशाताईंना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आणि वाढीव कामाचा मोबदला द्यावा लागेल. जिल्हा परिषदेने हे मनावर घ्यावे. दूध तोडण्याच्या सल्ल्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.