दोन पेट्यांची बाजू

घरात स्टिरिओ असणे ही चैन आहे, असे मानणारे लोक आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. एकदा कँटीनमध्ये हा विषय निघाला, तेव्हा एक मित्र म्हणाला, "हातात मोबाइल असताना ही अडगळ कशाला?" दुसऱ्याने सल्ला दिला, "घ्यायचाच तर मोठा घे, गल्ली हादरली पाहिजे." या दोघांच्या मधे उभे राहून मला थोडे बोलायचे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

मी राहतो कोनला. कल्याणचा दुर्गाडीचा पूल ओलांडला, की भिवंडीच्या रस्त्यावर लागते ते आमचे कोन. गोदामांकडे निघालेल्या ट्रकांचे हॉर्न दिवसभर, आणि लग्नसराईत हळदीच्या रात्री डी.जे.च्या भिंती. 'शांतता राखा' हे शब्द आमच्याकडे फक्त वाचनालयात सापडतात. अशा गावात घरात आणखी एक वाजणारी वस्तू आणायची म्हणजे आगीत तेलच, असे कोणालाही वाटेल. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे.

माझे वडील सोलापूरकडून भिवंडीत आले आणि सव्वीस वर्षे यंत्रमागावर आहेत. पाळी बारा तासांची. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, आणि आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत नव्वद डेसिबलची मर्यादा आहे ती आठ तासांसाठी. अशा गोंगाटात कान एकदम बहिरा होत नाही. तो वरच्या पट्टीकडून झिजू लागतो. पहिली खोट साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास पडते. स, श, त, क ही व्यंजने ऐकू येतात ती याच वरच्या भागातल्या ध्वनींमुळे. त्यामुळे समोरचा माणूस बोलतो आहे हे बाबांना कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही. मग टीव्ही मोठा होतो, आई ओरडते, आणि सगळे घर मागाच्या शेडसारखे होते.

गेल्या दिवाळीत शिकवणीच्या पैशांतून मी कल्याणच्या एका दुकानातून जुना स्टिरिओ आणला. साडेतीन हजार रुपयांना. मधे रेडिओ, सी.डी. आणि पेनड्राइव्ह चालणारी एक पेटी, आणि दोन बाजूंना फूटभर उंचीचे दोन स्पीकर. तिच्यावर दोन साधी बटणे आहेत, एक खर्जाचे, एक वरच्या पट्टीचे. वरच्या पट्टीचे बटण थोडे फिरवले, खर्ज थोडा उतरवला, आणि आवाज पूर्वीच्या टीव्हीपेक्षा कमी ठेवूनही बाबांना गाण्यातले शब्द ऐकू येऊ लागले. गेलेले कान यंत्राने परत येत नाहीत, हे मी जाणतो. पण मोठ्या आवाजाने जे जमत नव्हते ते स्वच्छ आवाजाने जमले, एवढे नक्की.

आता त्या 'गल्ली हादरली पाहिजे' वाल्या मित्राकडे वळतो. स्वस्त संचांच्या खोक्यांवर पूर्वी हजार वॅट, दोन हजार वॅट असे आकडे झळकत, आणि त्यापुढे बारीक अक्षरांत 'पी.एम.पी.ओ.' ही चार अक्षरे. या मापाला कोणताही ठरलेला आधार नाही. कंपनीच्या मनाला येईल तो आकडा. बघायचे ते आर.एम.एस. वॅट, आणि ते अशा संचात दहा-वीसच असतात. घाबरण्याचे कारण नाही. साधा स्पीकर एका वॅटवर मीटरभर अंतरावर पंच्याऐंशी डेसिबलच्या आसपास आवाज देतो. वॅट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर दसपट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत आपण एक वॅटसुद्धा क्वचितच खर्च करतो. बाकीचे वॅट शेजाऱ्यांसाठी विकत घेतलेले असतात! २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल सांगितले आहेत. हळदीच्या रात्री ते आकडे कोणी मंडपात वाचून दाखवावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

मोबाइलवाल्या मित्राशी मात्र माझे भांडण वेगळे आहे. कानात बोंड घातले, की गाणे एकट्याचे होते. आमच्या घरात चार माणसे, चार मोबाइल आणि चार वेगळी गाणी होती. ही पेटी आल्यापासून निदान सकाळचा रेडिओ सगळ्यांचा एक आहे.

शिवाय दोन स्पीकर कशासाठी असतात, तेही मोबाइलवर कळत नाही. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन याने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी, की दोन कानांना किंचित वेगळा आवाज मिळाला तर डोके त्यातून जागा उभी करते. त्यासाठी दोन्ही पेट्या एकमेकींपासून पाच-सहा फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हव्यात. आपल्याकडे त्या दोन्ही कपाटावर शेजारी शेजारी चढवतात आणि वर देवाचा फोटो ठेवतात. भिंतीच्या कोपऱ्यात घुसवली तर खर्ज उगीच घुमतो.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की आपल्या घरांतले पुष्कळसे आवडते संगीत मुळात एकेरी ध्वनीचेच आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते वर्षभर प्रसारित झाली, ती घराघरांत एका कर्ण्यातूनच ऐकली गेली. म्हणून दोन पेट्या वाया जातात का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आमच्या शेजारच्या आजी.

त्या आगरी समाजातल्या. लग्नाचे विधी जिच्या धवल्यांच्या साथीने चालत, ती धवलारीण म्हणून तरुणपणी आसपासच्या गावांत त्यांना बोलावणे येई. आता त्यांना मंडपात बसवतात, पण डी.जे.पुढे त्यांचा आवाज पोचत नाही. मी त्यांचे तीन धवले मोबाइलवर टिपून घेतले. मोबाइलवर ते चिरके, डब्यातून आल्यासारखे वाटले. मग तेच पेनड्राइव्हवर घालून आजींना घरी बोलावले. एकेरी आवाज दोन पेट्यांतून सारखाच आला, की तो ना डावीकडून येतो ना उजवीकडून. मधल्या रिकाम्या भिंतीतून येतो. आजी त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तिथं कोण बसलंय?" बाबा शेजारी होते. एक ओळ झाल्यावर त्यांनी ती शब्दांसकट म्हणून दाखवली.

ज्यांना हा लेख वाचून असा संच घ्यावासा वाटेल, त्यांनी जुन्या वस्तूत दोन गोष्टी तपासाव्यात. स्पीकरच्या कागदाभोवतीची कडा हाताला भुसभुशीत लागली तर तो घेऊ नये. आणि दुकानदार हमखास ढणढणीत आवाजात वाजवून दाखवतो. त्याला आवाज अगदी हळू करायला सांगावे, चार पावले मागे सरकावे, आणि शब्द स्पष्ट ऐकू आले तरच पैसे काढावेत.