सूर्य पाहावा, पण सूर्याकडे पाहू नये

सहलीला निघालेली कुटुंबे दवाखान्यात येऊन बहुधा दोनच गोष्टी मागतात : घाटात उलटी होऊ नये म्हणून गोळी आणि पोट बिघडल्यास कामी येईल असे औषध. कोडाईकनालला जाणाऱ्यांना मी आणखी एक सल्ला देतो. तळे आणि धुके पाहून झाले की एक सकाळ तेथील सौर वेधशाळेसाठी राखून ठेवा. डोळ्यांच्या आरोग्याचा इतका बोलका धडा मला अन्यत्र क्वचितच आढळला आहे.

तामिळनाडूच्या पळणी डोंगररांगेत, सुमारे २,३४३ मीटर उंचीवर ही वेधशाळा उभी आहे. तिच्या स्थापनेमागे दुष्काळाची कटू स्मृती आहे. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळानंतर पर्जन्यमान आणि सूर्यावरील घडामोडी यांचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न पुढे आला आणि सूर्याच्या नियमित निरीक्षणाची निकड भासू लागली. त्यातूनच १८९९ मध्ये वेधशाळा या डोंगरावर आली. पुण्याशीही तिचे नाते आहे. तेथील विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. त्याआधी, १९०९ मध्ये, जॉन एव्हरशेड यांनी येथेच सौरडागांमधील वायू केंद्राकडून कडेकडे वाहतात हे शोधून काढले. तो आविष्कार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या साऱ्या इतिहासात वैद्याच्या नजरेला भावते ती सूर्य पाहण्याची पद्धत. १९५८ नंतर उभारलेल्या बोगदा-दुर्बिणीत ११ मीटर उंच मनोऱ्यावरील आरसे सूर्यप्रकाश खाली आणतात आणि जमिनीखालील ६० मीटर लांबीच्या बोगद्यात सोडतात. तेथे भिंगाच्या साहाय्याने सुमारे ३४ सेंटिमीटर व्यासाची सूर्यप्रतिमा उमटते. आकाश निरभ्र असेल तर पाहुण्यांनाही तेथील संग्रहालयात सूर्याची अशी जिवंत प्रतिमा आणि सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाहावयास मिळतो. ज्यांनी आयुष्य सूर्याच्या अभ्यासात घालवले, ते शंभराहून अधिक वर्षे त्याची छायाचित्रे आणि प्रतिमाच न्याहाळत आले आहेत. मुलांना हे आवर्जून दाखवावे.

याचे कारण आपल्या डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्यातील भिंग प्रकाश एकवटून दृष्टिपटलावरील पीतबिंदूवर टाकते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे या इवल्याशा भागावर अवलंबून असतात. प्रखर प्रकाशाने तेथील पेशींना रासायनिक इजा होते. पण दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्यामुळे त्या क्षणी काहीच दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी काळसर डाग दिसू लागतो, सरळ रेषा वाकड्या भासतात, अक्षरे पुसट होतात. अनेकांची दृष्टी काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारते, काहींचा डाग मात्र कायम राहतो. त्यावर खात्रीचा उपचार आजही उपलब्ध नाही.

म्हणून काजळी धरलेली काच, जुनी क्ष-किरण फिल्म, साधा काळा चष्मा किंवा परातीतल्या पाण्यातील प्रतिबिंब, यांपैकी कशावरही विसंबू नये. साध्या दुर्बिणीतून सूर्य पाहणे तर क्षणभरही नको. ग्रहणाचा चष्मा लावूनही नको.

डोंगरावर आणखी एक फसगत संभवते. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. हवा गार असल्याने मात्र उन्हाचा चटका जाणवत नाही. तेव्हा टोपी आणि अतिनील किरणे अडवणारा चष्मा जवळ असावा. तो उन्हात वावरण्यासाठी, सूर्याकडे पाहण्यासाठी नव्हे. या उंचीवर हवेचा दाबही सुमारे पाव भागाने कमी असतो. निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही. पण हृदयविकार, जुनाट दमा किंवा तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि पहिल्या दिवशी चढउतार बेताने करावेत.

घरी परतल्यावर हाच प्रयोग अंगणात करता येतो. पुठ्ठ्याला टाचणीने एक छिद्र पाडा, सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि छिद्रातून येणारा प्रकाश पांढऱ्या कागदावर घ्या. पुठ्ठा आणि कागद यांत एक मीटर अंतर असेल तर साधारण नऊ मिलिमीटर व्यासाचे सूर्यबिंब उमटेल. ग्रहणाच्या दिवशी तेच बिंब चंद्रकोरीसारखे दिसते. पाहताना सूर्याकडे पाठच असावी. छिद्रातून सूर्याकडे डोकावू नये, हे मुलांना आधीच बजावावे. एवढे करूनही कोणी सूर्याकडे टक लावून पाहिले आणि डोळ्यांपुढे डाग आला, तर घरगुती थेंबांत वेळ न दवडता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.