टाळ्यांचा हिशेब आणि गुप्त शेरा

कलेचा न्याय टाळ्यांनी करावा की जाणकारांनी, हा वाद आपल्याकडे जुना आहे. बृहन्महाराष्ट्रातील मंडळांत गणेशोत्सवाच्या विविध गुणदर्शनासाठी परीक्षक नेमण्याची वेळ आली, की तो दरवर्षी नव्याने उकरून काढला जातो. एक पक्ष म्हणतो, प्रेक्षक हाच खरा परीक्षक. दुसरा म्हणतो, गर्दीला काय कळते? आमच्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. न्याय कोणी केला यापेक्षा, ज्याचा न्याय केला त्याला तो कळला की नाही, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. हे म्हणणे पटविण्यास अमेरिकेतील व्हॉडव्हिल रंगभूमीच्या इतिहासाइतका दुसरा चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

व्हॉडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात गाणे, नकला, कसरती, जादू, शिकविलेली जनावरे आणि एखादे छोटे प्रहसन. या धंद्याला शिस्तीचे रूप ज्यांनी दिले, त्यांत बेंजामिन फ्रँकलिन कीथ यांचे नाव पहिले घ्यावे लागते. सर्कशींच्या मागे हिंडलेल्या या गृहस्थाने 1885 साली बॉस्टन येथे अखंड चालणारे खेळ सुरू केले आणि एडवर्ड अल्बी या सहकाऱ्याच्या साह्याने नाट्यगृहांची एक साखळीच उभी केली. बायकामुलांनी निःसंकोच यावे, म्हणून रंगमंचावर अपशब्दांना सक्त मनाई होती. कलावंत तर या साखळीला थट्टेने ‘रविवारची शाळा’ म्हणत.

या साखळीतील व्यवस्थापकांवर एक विशेष काम सोपविलेले असे. सोमवारी आठवड्याचा पहिला खेळ झाला, की प्रत्येक कलावंताविषयी अहवाल लिहावयाचा. प्रयोग किती मिनिटे चालला, त्यास पुरा रंगमंच लागला की पडद्यापुढची अरुंद पट्टी पुरली, लोक कोठे हसले, शेवटी टाळ्या कशा पडल्या, कोणते वाक्य कापावयास सांगितले, हे सारे त्यात येई. हे अहवाल मुख्य कचेरीत आणि इतर शहरांच्या व्यवस्थापकांकडे फिरत. 1902 ते 1923 या काळातील त्यांचा मोठा संग्रह आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेला आहे.

या अहवालांचे गुण नाकारण्याचे कारण नाही. त्यांत शब्दांचा फुलोरा नाही. कलावंताचे नाव मोठे असो वा लहान, प्रयोग पडला तर पडला असे लिहिलेले आहे. आपल्याकडील कित्येक नाट्यपरीक्षणांतील गुळमुळीत स्तुतीपेक्षा हा रोखठोकपणा कोणालाही आवडावा. म्हणूनच निःपक्षपाती परीक्षणाचा नमुना म्हणून त्यांकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. या मोहाला आमचा विरोध आहे.

पहिला आक्षेप टाळ्यांच्या मापाविषयी. व्हॉडव्हिलच्या कार्यक्रमात प्रत्येक स्थानाची किंमत ठरलेली असे. आरंभी बहुधा मुके कसरतपटू किंवा जनावरांचे खेळ ठेवीत. कारण त्या वेळी लोक आपल्या खुर्च्या शोधीत असत आणि शब्द ऐकू येण्याची आशा नसे. शेवटचा प्रयोग उठून चाललेल्या प्रेक्षकांच्या पाठींपुढे होई. सर्वांत मानाचे स्थान शेवटून दुसरे. आता, पहिल्या स्थानावरील डोंबाऱ्याला टाळ्या कमी पडल्या, हा दोष त्याच्या कसरतीचा की त्याच्या स्थानाचा? स्थान ठरविणारी आणि टाळ्या मोजणारी यंत्रणा एकच होती. दुय्यम अधिकाऱ्याला ओसाड जिल्ह्यात धाडावे, आणि वर्षअखेर महसूल कमी जमला म्हणून त्याच्या नावे शेरा मारावा, त्यातलाच हा प्रकार!

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. टाळ्या किती पडल्या हे मोजता येते; त्या कशासाठी पडल्या हे मोजता येत नाही. त्या काळच्या रंगमंचावर आयरिश, जर्मन आणि ज्यू स्थलांतरितांची विडंबने, तसेच तोंडाला काळे फासून केलेली कृष्णवर्णीयांची टिंगल, हे हुकमी हशाचे विषय होते. हशा हेच प्रमाण मानणाऱ्या परीक्षकाला असल्या प्रयोगाविषयी ‘उत्तम’ याखेरीज दुसरे काय लिहिता येणार? प्रेक्षक हाच परीक्षक, असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

तथापि आमचा मुख्य कटाक्ष तिसऱ्या गोष्टीवर आहे. हे अहवाल मालकांच्या आपसातले होते. अमुक वाक्य गाळा, एवढी आज्ञा कलावंताच्या कानी येई. पण आपल्याविषयी पुढच्या गावी काय लिहून गेले आहे, हे त्यास कोण सांगणार? 1906 साली युनायटेड बुकिंग ऑफिस स्थापन झाले आणि कलावंतांना कामे देण्याची सत्ता एका कचेरीत एकवटली. मिळालेल्या कामावर पाच टक्के दलाली तीच कचेरी घेई. शेरा लिहिणारे, शेरा वाचणारे आणि भाकरी देणारे हात असे एकत्र आल्यावर ‘टाळ्या बेताच्या’ हे दोन शब्द म्हणजे केवळ मत राहत नाहीत. ती शिक्षा होते, आणि तीही आरोप न सांगता दिलेली.

कलावंतांनी निमूटपणे हे सोसले असे नाही. ‘स्टार’ हा शब्द उलटा वाचून होणारा ‘रॅट्स’ हा शब्द असलेले ‘व्हाइट रॅट्स’ हे नाव घेऊन त्यांनी 1900 साली आपली संघटना उभारली आणि 1901 साली दलालीविरुद्ध संप केला. पुढे 1916-17 चा संप मोडला गेला. अल्बी यांनी 1916 साली आपल्याच छायेखाली कलावंतांची दुसरी संस्था काढली, आणि बंडखोरांची नावे काळ्या यादीत गेली. 1918 साली सरकारच्या व्यापार आयोगाने या मक्तेदारीविरुद्ध तक्रार दाखल केली खरी. परंतु 1920 साली ती काढून टाकण्यात आली. गुप्त शेऱ्याला मक्तेदारीचे बळ मिळाले, की दाद मागण्याची दारे कशी बंद होतात, ते यावरून दिसावे.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. आयोवा राज्यातील चेरी भगिनी रंगमंचावर इतक्या वाईट होत्या, की त्यांचा वाईटपणाच पाहण्यास लोक जात. 1896 साली त्या न्यूयॉर्कलाही जाऊन आल्या. एका लहान गावच्या पत्राने त्यांच्यावर जळजळीत परीक्षण लिहिले, डे मॉइन लीडर या पत्राने ते उद्धृत केले, आणि भगिनींपैकी एकीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1901 साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जो लोकांपुढे प्रयोग करतो त्यावर टीका करण्याचा, तिखट उपहास करण्याचाही, लोकांना अधिकार आहे. त्या परीक्षणात भगिनींच्या रूपाची केलेली कुचेष्टा आम्हांस असभ्य वाटते. तरीही निकाल योग्यच होता. कारण लेख छापील होता, सर्वांनी वाचला होता, आणि निंदा झालेल्या स्त्रीला न्यायालयाच्या पायऱ्या चढता आल्या. ती हरली, पण कोणाशी आणि कशासाठी भांडावयाचे ते तिला ठाऊक होते. कीथ यांच्या कलावंताला एवढेही भाग्य नव्हते.

यावर सरकारी नोकरीत मुरलेले वाचक म्हणतील, ‘शेरा उघड झाला की तो खरा राहत नाही, भिडेपोटी सर्वांनाच उत्तम लिहावे लागते.’ हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि उघड्या अहवालांत भिडेची स्तुती वाढते हेही आम्ही मान्य करतो. पण दुसऱ्या बाजूची किंमत काय पडते, तेही पाहावे. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यातील अभियंत्याच्या 1993-94 च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ एवढाच शेरा होता. बढतीसाठी ‘फार चांगला’ हवा होता. प्रतिकूल शेरेच तेवढे कळविण्याची रीत असल्याने हा ‘चांगला’ शेरा त्यास कोणी कळविलाच नाही, आणि त्याची बढती अडली. 2008 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की प्रत्येक नोंद, मग ती बरी असो वा वाईट, संबंधिताला कळविली पाहिजे. आणि 2009 पासून केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखविण्याची पद्धत घातली. भिडेपोटी लिहिलेली खोटी स्तुती हा लेखकाचा भेकडपणा आहे, आणि त्याला औषध लेखकाच्या अंगी शोधावे लागेल. अंधारात लिहिलेला शेरा खरा असला तरी अन्याय आहे. कारण ज्याच्यावर तो लिहिला, त्याला ना सुधारणा करता येते, ना उत्तर देता येते.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. मंडळाच्या स्पर्धेत परीक्षक गवई असो, आयकर आयुक्त असो की टाळ्या पिटणारी सभा असो, आम्हांस फारसा फरक पडत नाही. परंतु त्याने गुण का दिले आणि का कापले, हे चार ओळींत लिहून खाली सही करावी, आणि ते स्पर्धकाच्या हाती द्यावे. ज्याला हे धाडस नाही, त्याने परीक्षकाच्या खुर्चीवर बसू नये.