‘दुर्दैवी’ शब्द दिसला की थांबा

वाचकहो, एक विनंती आहे. उद्याचं वर्तमानपत्र उघडाल तेव्हा ‘दुर्दैवी’ हा शब्द कुठे कुठे आला आहे ते शोधा. शेतात वीज पडून बाई गेली, घटना दुर्दैवी. पूल वाहून गेला, तीही दुर्दैवी. रुग्णालयाला आग, फलाटावर चेंगराचेंगरी, भलामोठा फलक कोसळून माणसं दगावली, सगळ्यांना तेच विशेषण. बातमीदाराच्या मनात वाईट काही नसतं. मजकूर रात्रीतच द्यायचा असतो आणि हा शब्द हळहळीचा वाटतो. पण वीज कोणी पाडत नाही. फलक कोणीतरी परवानगी घेऊन किंवा न घेता उभारलेला असतो. दोन्ही दुर्दैवीच म्हटलं की हा फरक आपल्या लक्षातही येत नाही.

भोपाळचं उदाहरण घ्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी गेलं आणि मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. टाकीत तो सुमारे ४० टन होता. आजही आपण या घटनेला ‘दुर्दैवी वायुदुर्घटना’ म्हणतो. आता हे विशेषण बाजूला ठेवून पाहा. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केली होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. पाण्याचे फवारे वायू बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचतच नव्हते. यातलं दैवानं काय केलं? प्रत्येक गोष्टीमागे कोणाचा तरी निर्णय होता, नाहीतर हयगय होती.

आणि हे आधीच सांगणारा माणूस त्याच शहरात होता. १९८१ च्या डिसेंबरात त्या कारखान्यात फॉस्जीन वायूनं एका कामगाराचा बळी घेतला. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी तेव्हापासून कारखान्याची माहिती खणून काढत राहिले. १९८२ मध्ये त्यांनी आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून आणि जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तून लिहिलं, की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसलं आहे. त्यांनीही एक वर्णनाचा शब्दच वापरला होता. फक्त तो शब्द वाचणाऱ्याला जागं करणारा होता. ‘दुर्दैवी’ हा शब्द वाचणाऱ्याला सुस्कारा टाकायला लावतो आणि पान उलटायला मोकळं करतो. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयानं कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोषी धरलं ते निष्काळजीपणाबद्दल. साडेपाच लाखांहून अधिक लोकांना इजा पोचवणाऱ्या त्या रात्रीला हाही शब्द किती तोकडा! तरी त्यात निदान माणसाची चूक दिसते.

आपल्याकडे १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोलपंपावर जाहिरातीचा फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. मुंबईत ४० फूट बाय ४० फुटांपर्यंतच्या फलकाला परवानगी मिळते. हा १२० फूट बाय १२० फुटांचा होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर बातमीला विशेषणाची गरजच उरत नाही.

म्हणून चार गोष्टी करा. पहिली, ‘दुर्दैवी’ वाचलंत की तो शब्द खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. मागे काय माहिती उरते? काहीच उरली नाही, तर बातमी अपुरी आहे. दुसरी, क्रियापदाकडे पाहा. पूल ‘कोसळला’, टाकी ‘फुटली’, वायू ‘गळला’, या वाक्यांत करणारा कोणीच नसतो. देखभाल कोणाकडे होती आणि तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारा. मात्र चौकशीआधीच कोणाला गुन्हेगार ठरवू नका. ती घाईही तितकीच वाईट. तिसरी, संपादकांना पत्र लिहा. दोन ओळी पुरतात: ‘चौकशीचं पुढे काय झालं, ते छापा.’ अशी पाच-पंचवीस पत्रं आली, तर त्यांची दखल घ्यावी लागते. चौथी, शोकाला शोकाचीच भाषा द्या. गेलेल्या माणसाच्या घरी हळवे शब्द हवेतच. घटनेला मात्र नेमका शब्द हवा.

धोक्याची बातमी अनेकदा आतल्या पानावर, चार ओळींत येते. भोपाळचा इशाराही छापून आला होता. त्यावर जाब विचारणारे पुरेसे नव्हते. तुमच्या गावच्या कारखान्याबद्दल, धरणाबद्दल, पुलाबद्दल तशा चार ओळी आल्या, तर त्या कापून ठेवा आणि जाब विचारा. नंतर ‘दुर्दैवी’ म्हणायची वेळ येऊ देऊ नका.